रिकाम्या टाकीची घंटा

ती घटना आठवली, की मला आरोपीआधी स्वतःचाच राग येतो.

काष्टीजवळच्या एका साखर कारखान्यात गरम रसाची टाकी उतू गेली आणि खाली काम करणाऱ्या मजुराचे दोन्ही पाय भाजले. टाकी भरत आली की आतला गोळा वर उचलला जातो आणि कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते. फेसाने खोटी घंटा होऊ नये म्हणून गोळा पाच सेकंद वर राहिला तरच ती वाजावी, असे संगणकात भरलेले असते. कोणीतरी पाचाचे पाचशे केले होते.

पंचनामा उरकतो तोच ठाण्यात निनावी फोन आला. "नव्या ऑपरेटरचा पासवर्ड बगा सायेब. त्याच्याच नावानं बदल झालाय."

नोंद तशीच निघाली. ऑपरेटर रडकुंडीला आला. "सायेब, माझा पासवर्ड समद्यांनाच ठावं हाय. भिताडावर चिकटवलाय."

मी त्याच्या अटकेचे कागद तयार करायला सांगितले, तेव्हा आमच्या नव्या महिला फौजदार म्हणाल्या, "सर, एक दिवस थांबता का?"

खरे सांगतो, ही बाई माझ्या डोळ्यांत खुपत होती. मी उभी हयात माणसांचे चेहरे वाचून गुन्हे उघड केले, आणि अधीक्षकसाहेब बैठकीत कौतुक करत ते हिचे. संगणकातले मला ओ की ठो कळत नव्हते. "बघा, काय दिवे लावता ते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंद काढून दाखवली. अपघाताच्या आदल्या दुपारी टाकी धुण्यासाठी रिकामी होती, तरी गोळा आठ मिनिटांहून जास्त वेळ, म्हणजे पाचशे सेकंद उलटेपर्यंत, वर होता. म्हणजे कोणीतरी तो हाताने धरला होता. त्या वेळी ऑपरेटर ऑफिसात बढतीची शाल आणि नारळ घेत होता, फोटोच होता.

"इतका वेळ कोण कशाला धरील?" मी ऑपरेटरला विचारले.

"आमचे मिस्त्री धरत्यात. सेटिंग बदललं की घंटा ऐकल्याबिगर टाकीवरनं उतरायचं न्हाई, असं त्यांनीच शिकवलं मला."

मिस्त्री तासभर नाही-नाहीच म्हणत राहिले. मग मी खुर्ची जवळ ओढली. "तुम्ही शिकवलेलं माणूस तुमच्या डोक्यावर बसलं. जळणारच की."

त्यांनी मान वर केली. "घंट्या समद्या मी जोडल्या सायेब. शाल त्याला! त्याची फजिती व्हावी, येवढंच हुतं मनात. म्हनून फोन बी मीच केला. पर कुनाचे पाय भाजावेत असं न्हवतं."

"मग गोळा कशाला धरलात?"

"काम केल्यावर तपासायला नगं व्हय?"

ऑपरेटर सुटला. मिस्त्रींवर आरोपपत्र गेले. मत्सर करणारा बहुधा परका नसतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. मिस्त्रींना बोलते करणारे वाक्य मला सुचले, कारण ती जळजळ माझ्याच पोटात होती.

वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मी 'तांत्रिक पुराव्यावरून' एवढेच लिहिले. पुरावा कोणी शोधला, ते लिहिले नाही. प्रशस्तिपत्र मला मिळाले, आणि फौजदार बाईंनीच पहिल्यांदा अभिनंदन केले. मिस्त्रींनी तासाभराने कबुली दिली. मला माझी द्यायला निवृत्त होईपर्यंतचा वेळ लागला.