सिनेमाखालच्या मराठी ओळी

पुण्याहून हैदराबादला येऊन मला दहा वर्षं झाली. तेलुगू अजून येत नाही. भाजीवाल्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत भागतं. तरीही इथल्या एका छोट्या चित्रपट महोत्सवानं शाळाशाळांत सिनेमे दाखवायचं ठरवलं, तेव्हा मराठी मुलांच्या एका शाळेचं काम मी अंगावर घेतलं. आमच्याकडे हौसेला तोटा नसतो.

अंबरपेठेतली ती शाळा मराठी मंडळींनी काढलेली, पण इंग्रजी माध्यमाची. मराठीचा रोज एक तास, बस. जूनपासून तोही काढून तिथे कॉम्प्युटर घालायचा, असं शाळेच्या कमिटीच्या मनात होतं. मराठीच्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांची नोकरी जाणार नव्हती, लायब्ररी सांभाळायला मिळणार होती. त्यांना तास हवा होता.

माझ्याकडे एका नव्या दिग्दर्शिकेचा तासाभराचा तेलुगू सिनेमा होता. एका मुलीची शेळी हरवते आणि ती गावभर शोधत हिंडते, एवढीच गोष्ट. मी बाईंना म्हटलं, याच्याखाली मराठी ओळी घालू. गोष्टीच्या ओढीनं मुलं भराभर वाचतील आणि कमिटीलाही ते डोळ्यांनी दिसेल. बाई जरा थांबल्या, मग हो म्हणाल्या. कमिटीला बोलावणंही त्यांनीच केलं. मी पाच रविवार बसून इंग्रजी संहितेवरून ओळी लिहिल्या. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासले.

शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांतच माझी चूक माझ्या लक्षात आली. पडद्यावरची म्हातारी काहीतरी बोलली आणि सगळा हॉल हसला. ओळ उमटली ती त्यानंतर. पुढेही तेच होत राहिलं. ही मुलं अंबरपेठेच्या गल्ल्यांत तेलुगूतून भांडत-खेळत वाढलेली; खाली बघायची कुणाला गरजच नव्हती. या शहरात राहणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. मला सुचलं नाही, कारण ओळींवाचून अडत होतं ते माझं. बाईंना नक्की सुचलं असणार. पण मी इतक्या खात्रीनं बोलत होते, की त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला.

मुलांना सिनेमा फार आवडला. कमिटीचे अध्यक्ष शेवटी उठले. सिकंदराबादला कापडाचं दुकान असलेले वयस्कर गृहस्थ, माणूस मुळीच वाईट नाही. बाईंपाशी येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "लेकरांना सगळं समजायलंय की बाई. खालचं तर कुणी वाचलंच नाही. मग तास कशाला ठेवायचा?"

मी मध्ये पडायला हवं होतं. मला लाज वाटली, आणि स्वतःचा रागही आला.

मुलं वर्गात गेल्यावर मी वायरी गुंडाळत बसले. बाई खुर्च्या सरळ लावत लावत माझ्यापर्यंत आल्या. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि शेवटची खुर्ची जागेवर सरकवली.

"मी वाचल्या सगळ्या ओळी," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही."