शेपटीला पंप नव्हता

कारकून वैद्याला एकोणीस वर्षं ओळखत होता, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. खरं पाहता त्याला वैद्याचं काय ठाऊक होतं? दुपारच्या सुट्टीत दोघं धक्क्यावरच्या एकाच बाकावर डबे उघडत. वैद्य इंजिनांबद्दल बोले, कारकून हं हं करी. वैद्याला मुलं किती, हे विचारायचं पहिल्या वर्षी राहून गेलं आणि पुढे विचारायची लाज वाटू लागली.

वैद्य म्हणजे काही खरा वैद्य नव्हे. बंदर कचेरीच्या शेडमधला मिस्त्री. इंजिनाच्या नळीवर तळहात ठेवून, डोळे मिटून "ताप आहे" किंवा "बरं आहे" एवढंच सांगायचा, म्हणून ते नाव पडलं. एकतीस वर्षांत त्यानं 'ठीक' म्हणून सही केलेली एकही बोट दोर बांधून ओढत आणावी लागली नव्हती. आणखी कशाचा त्याला अभिमान होता की नाही, कारकुनाला माहीत नाही, याचा होता. निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि ही एक गोष्ट त्याला डाग न पडता घरी न्यायची होती.

नेमकी त्याच वेळी मोठ्या साहेबांच्या पाहणी-बोटीची शेपूट गंजून गेली. बोटीच्या मागे पाण्यात लोंबणारा जो जाडजूड पाय असतो, ज्याच्या टोकाला पंखा फिरतो, त्याला शेडमध्ये शेपूट म्हणत. खरेदीसाहेबांनी नवी शेपूट मागवली ती वेगळ्याच बनावटीची. 'रंग इंजिनास शोभून दिसतो,' असा शेरा त्यांनी फायलीवर मारला होता.

वैद्यानं खोकं उघडलं, शेपूट उलटीसुलटी करून पाहिली आणि डोकं खाजवलं.

"साहेब, जुन्या शेपटीच्या पोटात पंप होता. तो समुद्राचं पाणी ओढून इंजिनाला पाजायचा, म्हणून इंजिन गार राहायचं. हिला तोंड आहे, पण ओढायला आत काही नाही. आता पंप इंजिनावर बसवावा लागेल, पट्ट्यावर फिरणारा. एक पंप, एक पट्टा, दोन हात नळी."

"म्हणजे मी घेतलेली वस्तू अपुरी आहे?"

"वस्तू झकास आहे. फक्त या इंजिनाची नाही."

त्या दिवसापासून कचेरीत 'पंप' हा शब्द बंद झाला. पंप मागितला की खरेदी चुकली असं ठरत होतं, आणि खरेदी कधीच चुकत नसे. मागणी लिहा, पण पंप न म्हणता लिहा, असं कारकुनाला सांगण्यात आलं. कारकून या कामात तरबेज. अर्धा दिवस खपून त्यानं 'इंजिनसंलग्न जलप्रवाहप्रेरक साधन' असं लिहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. कागद पाणीपुरवठा विभागात गेला. तिथून उत्तर आलं, की सदर इंजिनास नळजोडणी देता येत नाही, कारण ते एका जागी राहत नाही.

मग समिती बसली आणि तिनं चाचणी घेतली. बोट जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर उभी. बागेच्या नळाचा पाइप इंजिनाला लावला आणि इंजिन सुरू केलं. पंधरा मिनिटं तापमानाचा काटा जागचा हलला नाही. तेवढ्यात समितीचा चहा झाला.

"तापलं का?" खरेदीसाहेबांनी विचारलं.

"नाही तापलं," वैद्य म्हणाला. "हा पाइप समुद्रात किती लांबवर सोडायचा, तेवढं सांगून ठेवा."

समितीतले एक सभासद खरोखरच विचारात पडले.

रविवारी मोठे साहेब सहकुटुंब, सासूबाईंना घेऊन, फेरफटका मारणार होते. कारकुनानं फॉर्म पुढे केला: 'बोट पाण्यात उतरवण्यास योग्य. कोणताही जादा भाग बसवलेला नाही.'

"उतरवायला योग्य आहे," वैद्य म्हणाला. "परत येण्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही." त्यानं फॉर्म तसाच परत दिला.

पुढचे दोन दिवस तो जेवायला बाकावर आला नाही. शेडमागे पडलेल्या एका मोडीतल्या बोटीचा पंप त्यानं सोडवून आणला, आतलं रबरी चक्र नवं घातलं, लोखंडी पट्ट्या वाकवून बैठक केली, इंजिनाच्या कप्पीवरून पट्टा चढवला, शेपटीच्या तोंडापासून नळी ओढून घेतली. वर इंजिनाचाच रंग मारला.

"हे काय?" कारकुनानं विचारलं.

"रंग शोभून दिसतो." वैद्यानं फॉर्म मागून घेतला आणि सही केली. "कागद खोटा, बोट खरी. उलटं करू का, भाऊसाहेब?"

रविवारी बोट गेली, सासूबाईंना दीपस्तंभ आवडला म्हणून दोन फेऱ्या जास्त मारल्या, आणि स्वतःच्या पायानं परत आली. सोमवारी खरेदीसाहेबांचा आदेश निघाला: प्रवाशांच्या दोन्ही बोटींना हीच शेपूट लावावी, जादा भागाची गरज नसल्याचं अनुभवानं सिद्ध झालं आहे. पुरावा म्हणून वैद्याच्या सहीचा फॉर्म जोडला होता.

वैद्य पहिल्यांदाच कचेरीचा जिना चढून वर आला. हातानं लिहिलेला कागद त्यानं टेबलावर ठेवला. चारच ओळी. पंप मी बसवला आहे, तो नसता तर इंजिन जळालं असतं, माझी सही खोटी धरावी.

"तीन आठवडे राहिलेत तुमचे," कारकून हळूच म्हणाला. "शेरा पडेल. हा कागद मी बघितलाच नाही, असं म्हणू का?"

"तुम्ही कधीच काही बघत नाही, भाऊसाहेब. एवढा एक बघा. त्या बोटींत साठ-साठ माणसं बसतात. भर समुद्रात इंजिन बसलं, तर माझ्या सहीवर बसेल."

कारकून घरात मुंगी मारायची तरी बायकोला विचारणारा माणूस. पण आवक क्रमांक पडलेला कागद कचेरीत उशिरा पोचू शकतो, हरवू शकत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यानं शिक्का मारला. तो तिरका उमटला. कागद त्यानं स्वतः मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि खाली येऊन घटाघटा दोन पेले पाणी प्यायला.

मग सगळं रीतसर झालं. विनापरवाना भाग बसवल्याबद्दल वैद्याला मेमो मिळाला. निरोप समारंभ रद्द झाला; हार आणायला गेलेल्या शिपायाला अर्ध्या वाटेतून परत बोलावलं. दोन्ही बोटींसाठी पंप मात्र आले, 'खरेदी विभागाने सुचवलेली सुधारणा' म्हणून. पंपावर हात ठेवून खरेदीसाहेबांनी फोटो काढून घेतला.

महिन्याभरानं कारकून केस कापायला गेला, तर शेजारच्या खुर्चीत वैद्य, तोंडभर साबण लावून बसलेला. तीच त्यांची शेवटची भेट. कारकुनाला बरंच काही बोलायचं होतं, पण न्हाव्यादेखत जमेना.

"दोन्ही बोटी व्यवस्थित चालल्यात," तो आरशाकडे बघत म्हणाला.

"नवा पट्टा सैल पडतो," वैद्य साबणातून म्हणाला. "आवळला का परत?"

"विचारावं लागेल."

"आवळायला सांगा शेडमध्ये."

"उद्याच पत्र पाठवतो."

"पत्र नको, भाऊसाहेब. खाली जाऊन तोंडानं सांगा."

"बरं," कारकून म्हणाला.