आजोबांचे पाच लिटर

तुमच्या आजोबांचं गेल्या वर्षी सोलापुरात हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या नणंदेनं, बेंबळीच्या अक्कांनी, गावच्या महादेवाला नवस बोलला होता: भाऊ धड घरी आला तर त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन.

भाऊ धड घरी आला, पण तराजूत बसायला तयार होईना. अडचण श्रद्धेची नव्हती. आजोबा सगळ्यांना आपलं वजन ऐंशी किलो सांगतात आणि ते पंच्याण्णव आहे. आडतीवरून आणलेला मोठा लोखंडी तराजू देवळासमोर टांगतात, एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गुळाच्या दहा-दहा किलोच्या ढेपा. प्रत्येक ढेप ठेवली की जमलेले लोक मोठ्यानं मोजतात. लपवायला जागाच नाही.

अक्का आमच्याकडे येऊन बसल्या. नवस फेडल्याशिवाय त्या गूळ खाणार नव्हत्या आणि बिनगुळाच्या चहानं घरात सगळ्यांशीच भांडत होत्या.

त्याच आठवड्यात तुमच्यातल्या धाकटीनं फोनवर मला विचारलं होतं, युरेनियम किती जड असतं? मी पुस्तक काढून नीट बघितलं. शिशाच्या दीडपटीहून जड. एका लिटरचं वजन साधारण एकोणीस किलो. (याहूनही जड धातू आहेत, हे तिनं वहीत लिहून ठेवावं.) मग सहज हिशेब केला आणि आजोबांना सांगितलं, तुमच्या वजनाचं युरेनियम घेतलं तर पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात मावेल.

हे त्यांना फारच आवडलं. दुपारभर ते रिकामा डबा घेऊन ओसरीवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, मी एवढाच आहे. शेजारच्यांना त्यांनी साडेतीन लिटर ठरवलं.

अक्कांनी मात्र ते मनावर घेतलं. नवस त्यात फेडता येईल का, वाहून न्यायला सोपं पडंल, लातूरला मिळंल का, असं त्या मला विचारू लागल्या. ते बाजारात मिळत नाही आणि वाटण्याजोगं तर मुळीच नाही, हे मी समजावलं. शिवाय डबा लहान असला तरी वजन पंच्याण्णवच. त्यांनी रिकामा डबा उचलून पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"मग फायदा काय त्याचा?"

"दिसायला कमी दिसतं, अक्का," आजोबा म्हणाले.

"कमी कशाला दिसायचं? केवढा भाऊ वाचिवला ते देवाला दिसू दे की. म्या काय डबाभर भाऊ मागितला व्हता?"

आजोबा उठले. मग त्यांनी धोतर कुठं आहे म्हणून विचारलं.

सोमवारी ते पारड्यात मांडी घालून बसले. आठव्या ढेपेला ऐंशी भरले तरी पारडं हललं नाही, तेव्हा लोकांनी माझ्याकडे पाहिलं. नववी ठेवली तरी आजोबांचं पारडं जमिनीला टेकलेलंच. तराजूवाला अवघडून थांबला, तर आजोबाच म्हणाले, "ठेव अजून एक." दहावीला ते अधांतरी झाले. वजन पुरलं होतं, उतरायचं होतं. वरूनच त्यांनी अक्कांना विचारलं, आणखी ढेप आणलीय का? अक्कांच्या तोंडात गूळ होता. त्यांनी नुसतीच होकारार्थी मान हलवली आणि पिशवीतून अकरावी काढली.