सरूची शिंक

भाटघरच्या धरणावर पाहुणे घेऊन गेलो होतो. पाहुणे पाणी बघत होते आणि मी टांग्याच्या सावलीत बसून माझ्या घोडीला, हरणीला, गवत घालत होतो, तेवढ्यात भोरच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर शेजारी येऊन थांबला. आम्हा दोघांचं जुनं वैर... तो माझी गिऱ्हाइकं पळवायचा, मी त्याच्या इंजिनाला नावं ठेवायचो. तो म्हणाला, "घरी जा." मी म्हणालो, "का? आज मोटार ढकलायला माणसं कमी पडली वाटतं!" तो हसला नाही. खाली उतरून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सरूवहिनी गेल्या," म्हणाला. मग मला, एका टांगेवाल्याला, त्यानं आपल्या मोटारीत घालून माझ्या गावी, उत्रोलीला आणलं. घोडी आणि पाहुणे दोन्ही मी धरणावरच विसरलो. ती एकमेकांना घेऊन संध्याकाळी कशी परतली, ते मला अजून ठाऊक नाही.

सरू, माझी बायको, दम्याची. लोकांनी सांगितलेलं सगळं आम्ही केलं होतं. अडुळसा झाला, धोतऱ्याच्या पानांची धुरी झाली, देवऋषी झाला. माझा स्वतःचा उपाय सगळ्यांत जालीम. तिला धाप लागली की टांग्यात पुढं, अगदी घोडीच्या शेपटीमागं बसवायचं आणि हरणीला भोरच्या दवाखान्यापर्यंत पळवायचं. पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडायचे. आणि मी दारात उतरून ऐटीत म्हणायचो, "बघितलंस, वेळेवर आणलं म्हणून वाचलीस!"

शेवटी भोरच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका डॉक्टरांकडं धाडलं. ते म्हणे हातावर ओरखडे काढून दम्याचं मूळ शोधायचे. येताना घरातली धूळ, गादीचा कापूस, भाताचा कोंडा असं चिमूट चिमूट पुड्यांत बांधून आणा, असा निरोप होता. सरूनं सगळं बांधलं, धुळीला मात्र साफ नकार. "माज्या घरात धूळ हाय, हे पुन्याच्या डाक्टरला कशाला कळाया पायजे?"

"अगं, औषधासाठी मागतायत."

"मग थोरल्या जावंच्या घरची न्या. तिकडं लई हाय."

आणि मी शहाणा, भावाच्या माळ्यावर चढून चोरासारखी धूळ गोळा करून आलो. वहिनींनी खालून विचारलं, तर मांजर शोधतोय म्हणून सांगितलं.

डॉक्टरांनी तिच्या हातावर सुईनं बारीक ओरखडे ओढले आणि एकेकावर एकेक थेंब सोडला, काही आमच्या पुड्यांतलं कालवून, काही त्यांच्या बाटल्यांतलं. खाजवायचं नाही, म्हणाले. थोड्या वेळानं जावेच्या धुळीवर मुगाएवढा फुगवटा उठला. सरूचा आनंद काय सांगावा! "बगा! म्या म्हनत न्हवते?" ती अजून मिरवत होती, तोच शेजारचा एक ओरखडा फुगत फुगत बोराएवढा झाला. डॉक्टरांनी त्याची बाटली फिरवून बघितली. "घोडा. तुमच्याकडं घोडा आहे का हो?"

"घोडी आहे," मी छाती काढून म्हणालो. "मोटारीपर्यंत हिला तिनंच तर आणलं!"

डॉक्टर माझ्या कोटाकडं बघत राहिले. सरूही बघत राहिली. कोटावर हरणीचे केस होते...

उपाय त्यांनी समजावून सांगितले. धाप लागली तर एफेड्रिनची गोळी, फारच झालं तर दवाखान्यात अ‍ॅड्रेनलिनची सुई. घोड्याच्याच केसांच्या अर्काची, थेंबाथेंबानं वाढवत न्यायची इंजेक्शनंही होती. पण एखादं उलटलं तर डॉक्टर हाताशी हवा, म्हणून कित्येक महिने पुण्यातच राहायचं, आणि तरी खात्री नाही. सगळ्यांत खरा उपाय म्हणजे घोड्यापासून लांब राहणं. "आणि घोड्याच्या माणसापासूनही," ते हळूच म्हणाले.

परतताना मी म्हणालो, "हरणी विकतो."

"आन् करनार काय? नांगर धरनार? मागं धरला व्हता, तवा बैल हसत व्हतं."

"मग तू पुण्याला राहा."

"तिथं माजं कोन हाय? हितं निदान भिंतीपल्याड तुमी तरी असाल."

तेच ठरलं. ती घरात, मी भिंतीपलीकडं हरणीच्या गोठ्यात. मागच्या दारी आंघोळ करून, धुतले कपडे घालून मगच आत जेवायला यायचं. मी उंबऱ्यात आलो की ती नाक वर करून बसायची, आणि तिला शिंक आली की मी नापास. "कान धुतलं न्हाईत." परत न्हाणीत! एकदा थंडीत नुसतं डोकं ओलं करून आलो, तर उंबरा ओलांडायच्या आतच तिनं तीनदा शिंकून पंचनामा केला. पास झालो तर भाकरी संपेपर्यंत तिच्याशेजारी बसायला मिळायचं. त्यापुढचा संसार भिंतीतून. "निजलात का?" ती पलीकडून विचारायची. "हरणी निजली, मी जागा आहे." कधी कधी मी भिंतीला पाठ लावून बसायचो. तीही तशीच बसत असावी, कारण बांगड्या अगदी जवळ वाजायच्या... पण तिची धाप कमी झाली होती. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा ती नदीवरून घागर घेऊन न थांबता घरी आली आणि मला गोठ्याच्या दारातून लांबूनच घागर दाखवली.

भात झोडणीच्या दिवसांत सरूला साधी सर्दी झाली, तेवढंच निमित्त झालं. गोळी लागू पडली नाही, आणि सुई देणारे येईपर्यंत उशीर झाला. धरणावरून येऊन मी मोटारीतून उतरलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मी सरळ मागच्या दारी जाऊन अंगावर पाणी घ्यायला लागलो. भाऊ धावत आला. "अरं, आता कशापायी? आधी आत ये."

"कोटावर केस आहेत," मी म्हणालो.

आता वहिनी भाकरी आणून देतात. "भावजी, घरात निजत जा की," म्हणतात. परवा ठरवून तसाच आत गेलो. कोट अंगात, हातांना घोडीचा वास. ती बसायची तिथं जाऊन उभा राहिलो. वाट बघितली... कुणी शिंकलं नाही. इतका घाणेरडा असून पास झालो होतो. मग मुकाट्यानं न्हाणीत गेलो, पाणी घेतलं आणि कान धुवायला बसलो.