बाळंतिणीचा अर्ज

दिग्रसच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो, तेथे जिनिंगमध्ये कापूस तोलणारे एक काटेदार नित्य येऊन बसत. बाजारात कापूस येईनासा झाल्यापासून ते घरच्या काचपेटीत वीत-वीत लांबीचे आफ्रिकन मासे पाळण्यात गढले होते. बोलताना प्रत्येक शब्द ते काट्यावर ठेवल्यासारखा तोलीत.

एके दिवशी म्हणाले, "भाऊ, भारनियमनात हवेचा पंप बंद पडून राह्यला. मादीनं तोंडात पिल्लं धरली हायेत, पंधरा दिवस झाले, काही खाल्लं नाही. हवेवाचून मरन ते. वीज कचेरीले अर्ज लिवा."

माशासाठी अर्ज करणे माझ्या लेखणीस शोभणारे नव्हते. मी लिहिले, 'अर्जदाराचे घरी बाळंतीण असून...'

ते म्हणाले, "बाळंतिणीपुढं कंसात मासा लिवा. तिच्या नावानं खोटं कायले?"

मी नाइलाजाने लिहिले. वीज कचेरीत सर्व हसले आणि अर्ज परत आला.

दुपारी वीज गेल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ते काचपेटीतील पाणी तांब्याने उचलून उंचावरून परत ओतीत होते, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. मला पाहताच तांब्या पुढे करून म्हणाले,

"तुमचा अर्ज तं चालला नाही. आता हात चालवा."