सज्जातला गार्ड

काल खिडकीला ऑइलपेंट देताना त्या वासाने मला मलकपेठच्या जुन्या घरात नेऊन सोडलं. बाबा मालगाडीवर गार्ड होते. सुट्टीत पत्रा कापून ते गाडीच्या शेवटी असणारे गार्डाचे छोटे डबेच बनवायचे, इंजिन एकही नाही. प्रत्येक डब्याच्या सज्जात हिरवी झेंडी धरलेला काडीचा माणूस असे. गल्लीत घरोघर रंगीत टीव्ही येत होते, त्याच वर्षी मालगाड्यांना गार्डाचा डबा लावणं बंद होऊ लागलं. एका रविवारी बाबांनी नव्या डब्याचा सज्जा रिकामाच ठेवला.

"बाबा, माणूस राहिला."

"नक्को बेटा. आता त्याला इंजिनात बसवणारेत."

मी चिडून स्वतःच माणूस चिकटवला आणि जिंकल्यासारखी हसले.

काल तो डबा काढून पाहिला. माणूस मी उलट्या तोंडाने चिकटवलाय, झेंडी डब्याच्याच भिंतीला दाखवतोय. एरवी रंगाची रेघ वाकडी गेली तरी डबा मोडून टाकणाऱ्या बाबांनी त्याला तसाच उभा राहू दिला होता.