पहिल्या घावाचा मान

रमझानमध्ये आमच्या कारखान्याचं कॅन्टीन दुपारी बंद असतं. ज्यांचा रोजा नाही त्यांनी मीटिंग रूमचे पडदे ओढून आत निमूट डबा खायचा. आमच्या खात्यात असे दोघंच, मी आणि माझा साहेब. त्यामुळे महिनाभर त्याच्या गावाच्या गोष्टींतून माझी सुटका नसते.

साहेब डच आहे. आखातातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्याची देखभाल आम्हा दोघांकडे, तो वर आणि मी त्याच्या खाली. दोघांपैकी एक जण साइटवर हवाच, असा नियम आहे. दर वसंतात तो एक जण मी असतो, कारण साहेबाला झाड ओढायला गावी जायचं असतं.

हो, झाड. जर्मनीच्या सीमेला लागून त्याचं एवढंसं गाव. एक चर्च, एक बेकरी, एक बार. ईस्टरला सगळे पुरुष मिळून गावाबाहेरच्या जुन्या जमीनदाराच्या वाड्यावर जातात आणि त्याच्या रानातलं एक झाड मागतात. तो पिढ्यान्‌पिढ्या हो म्हणतो, पण मागायचं हे आहेच. मग झाड पाडायचं, दोर बांधायचे आणि हातांनी ओढत गावात आणायचं. घरी ट्रॅक्टर असले तरी चालत नाहीत. उभं केल्यावर एक जण शिडीवर चढून गावच्या बोलीत त्या झाडाचा खोटाखोटा लिलाव करतो आणि संध्याकाळी शेजारी मोठी आग पेटते. ती बोली अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकांना कळत नाही, याचा साहेबाला कोण अभिमान! दोराला कोणी कुठे हात लावायचा हेसुद्धा ठरलेलं. त्याचा बाप जिथे उभा राहायचा तिथे आता तो उभा राहतो.

मला हे सगळं पाठ आहे. उद्या मला त्या गावात नेऊन सोडलं तर कोणाला न विचारता मी दोर धरीन. माझं पित्त खवळतं ते याच गोष्टीने. माझ्या स्वतःच्या गावातल्या झाडाला हात लावून मला किती वर्षं झाली, हे मी मोजायचं सोडून दिलं आहे.

कारण झाड आमच्याकडेही आणतात. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात शिमग्याला आंब्याचं झाड होळी म्हणून तोडतात, ढोल बडवत, नाचवत आणतात आणि देवळासमोर उभं करतात. त्याच्यावर कुऱ्हाडीचा पहिला घाव आमच्या घराचा. त्याआधी गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतो, लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, मग माझा बाप कुऱ्हाड उचलतो. त्याच्याआधी त्याचा बाप उचलायचा. आमच्या घराला शेत बेताचं, नाव बेताचं. मान काय तो हा एवढाच.

यंदा होळीच्या आधी बाबांचा फोन आला.

"औंदा माझ्यान कुराड उचलाची नाय. खांदो वर जाणा नाय. तू येऊन माझ्या पाठीमागसून दांड्याक नुसतो हात लाव, म्हणजे झाला. नायतर मान धाकट्या घराक जातलो."

धाकटं घर म्हणजे माझ्या चुलत्यांचं. तिथे दोन धडधाकट मुलगे आहेत आणि दोघंही गावातच राहतात. त्यांनी मागितलं असतं तर मी भांडलो तरी असतो. पण ते बिचारे काही मागतही नव्हते.

ईस्टरही पौर्णिमेवरच ठरतो, हे मला साहेबानेच सांगितलं होतं. एखाद्या वर्षी आमची होळी आणि त्यांचा ईस्टर एकाच आठवड्यात येतात. यंदा तसंच झालं आणि वर कारखान्याचं शटडाऊन, म्हणजे यंत्रं थांबवून करायची वर्षाची मोठी दुरुस्ती. मी एचआरमध्ये गेलो. तिथल्या माणसाने विचारलं, "लग्न आहे? मयत? कोणी आजारी?" मी म्हणालो, झाड तोडायचं आहे. तो हसला आणि त्याच्या लेखी विषय खलास झाला.

बायको म्हणाली, "बाबा आजारी आहेत म्हणून सांगा ना. सगळे तेच सांगतात." सांगतात, मला माहीत आहे. पण त्यांचा खांदा आधीच गेलाय, त्यावर मी आणखी खोटा आजार लादणार नव्हतो. मी सरळ साहेबालाच सांगायचं ठरवलं. म्हटलं, जगात एक माणूस असा आहे की ज्याला झाडाची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

पडदे ओढलेले होते, डबे उघडे होते. मी सगळं सांगितलं: आंबा, ढोल, गाऱ्हाणं, बाबांचा खांदा, धाकटं घर. साहेबाचे डोळे चमकायला लागले. "अरे, हे तर अगदी आमच्यासारखं! झाडाच्या पुढे कोण चालतं? वर चढतं का कोणी?" माझ्या डब्यातली चपाती हातात धरून तो विचारत राहिला आणि मूर्खासारखा मी सांगत राहिलो. मला वाटलं, झालं काम. शेवटी तो म्हणाला, "व्हिडिओ नक्की मागव. आमच्या गावातल्या लोकांना दाखवतो."

"आणि माझी रजा?"

तो खरोखर ओशाळला. "माझं तिकीट झालंय रे. आणि माझी दोराची जागा ठरलेली आहे, ती रिकामी ठेवता येत नाही. तुला कळेल हे."

मला कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला. न कळणाऱ्या माणसाने नाही म्हटलं असतं तर मी त्याला चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. "तू पुढच्या वर्षी जा," तो म्हणाला. "इन्शाल्ला," मी म्हणालो. तो शब्द ‘नाही’च्या जागी कसा वापरायचा हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं.

बाबांना फोन केला. "रजा गावली?" "नाय." बाबा म्हणाले, "बरा. जेवलस?"

होळीच्या दिवशी मी एका गिअरबॉक्सखाली ग्रीसमध्ये आडवा होतो. चुलतभावाने व्हिडिओ पाठवला, पण मी तो उघडला नाही. रोज दिसायचा, रोज अंगठा पुढे सरकायचा.

ईस्टर आटोपून साहेब परत आला तेव्हा रमझान संपत आला होता. दोराने तळहाताला आलेले फोड त्याने मला कौतुकाने दाखवले. मग म्हणाला, "आता तुझं दाखव." नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. मी फोन डब्याला टेकवला.

आंब्याखाली सगळा गाव जमलेला. बाबा धुतलेल्या सदऱ्यात, अनवाणी, कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी छातीशी धरून. गावकराने गाऱ्हाणं सुरू केलं. गुराढोरांसाठी, पोराबाळांसाठी, कामाधंद्याला बाहेर गेलेल्यांसाठी. लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. साहेब खुर्ची पुढे ओढून बघत होता.

मग गावकर जरा थांबला. बाबांनी मान डोलावली.

"ह्यो कुराडीचो मान आजपासना धाकट्या घराक दिलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चुलतभाऊ पुढे आला. बाबांनी कुऱ्हाड त्याच्या हातात दिली, सदरा सारखा केला आणि गर्दीत जाऊन उभे राहिले.

"किती सुंदर!" साहेब म्हणाला. "सगळे मिळून काय ओरडतात ते?"

"हो म्हणतात."

"आवाज वाढव ना. परत एकदा लाव."

मी परत लावला. आवाज वाढवल्यावर स्पष्ट ऐकू आलं, की त्या ‘व्हय’मध्ये सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने बाबाच ओरडले होते.